लिनेसीच्या चौकशा

लिनेसीला सगळ्यांचं सगळं ठाऊक असे. मुलांजे गावच्या बाजारात ती मंदासी तळायची. पिठाचा गोळा तेलात फुगून वर येईपर्यंत गिऱ्हाइकाचं गाव, आईचं कूळ, गेलेली भावंडं, मोडलेलं लग्न, सगळं तिच्या पदरात पडलेलं असे. तिच्या चौकशीत विष नव्हतं. पण ऐकलेलं ती कधी विसरत नसे, आणि पोटात ठेवणंही तिला जमत नसे.

नव्या पाळकसाहेबांनी सांगितलं, देवाने कोणालाही रिकाम्या हाताने पाठवलेलं नाही, आपापलं कृपादान ओळखा. लिनेसी हिरिरीने शोधायला लागली. गायनात गेली, तर दुसऱ्याच रविवारी गायनप्रमुख म्हणाला, "मावशी, तुम्ही नुसते ओठ हलवा, देवाला कळेल." रविवारच्या शाळेत तिने मुलांना गोष्ट सांगण्याऐवजी त्यांच्याच घरच्या गोष्टी काढून घेतल्या, आणि चार आया भांडायला आल्या. उरला महिला संघ. त्याचा पांढरा ब्लाउज अंगावर चढला की बाई देवाच्या कामाला लागली, असं मंडळीत सगळे धरून चालत.

संघाच्या अध्यक्षा नाचुमाबाई. त्या म्हणाल्या, "तुझं दान नंतर बघू, आधी तुझा शाप आवर. तीन महिने दुसऱ्याच्या घरातलं एक अक्षर तोंडातून काढायचं नाही. काढलंस तर ब्लाउज विसर."

"एकही नाही? मरणाधरणालासुद्धा?"

"हे बघ, लगेच चौकशी!"

लिनेसी रोज प्रार्थना करी, देवा, ही खाज काढून घे. तिला वाटे, माणसं घडवताना तिच्या वाट्याचं दान देवाच्या हातून खाली पडलं असावं, आणि रिकामी जागा भरायला त्याने जीभच दोनदा बसवली.

अकरा आठवडे निघाले. बाराव्यात वायसन शिंपी वारला.

बायको त्याच्या आधीच गेली होती. मुलगा लॅकसन ब्लांटायर शहरात मामाकडे वाढलेला. दुपारी कबरीपाशी त्याने बापाचं चरित्र वाचलं. जन्म, शाळा, शिलाई मशीन, आजार. मग कबरीवर फुलं ठेवण्यासाठी एकेकाचं नाव पुकारायला सुरुवात झाली. ज्याचं नाव येईल त्यानेच उठायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं. मुलांची नावं झाली, नातवंडांची झाली. "भावंडं कोणी नाहीत," लॅकसन म्हणाला आणि त्याने कागद उलटला.

गर्दीच्या कडेला एनिफा बसली होती. सरहद्दीपलीकडून चालत आलेली, पायांवर लाल धूळ, हातात बोगनवेलीचा जुडगा. दर हंगामात ती तुरीची टोपली घेऊन वायसनकडे यायची. गावाला वाटे, तूर विकणारी बाई. वाटेत ती मंदासी खायला थांबायची, म्हणून एकट्या लिनेसीला ठाऊक, की ती वायसनची बहीण, एकाच आईच्या पोटची. आणि तिथे कूळ आईकडून धरतात; आईच्या कुळाला वगळून माणूस पुरणं म्हणजे अर्धाच माणूस पुरणं.

लिनेसीने नाचुमाबाईंकडे पाहिलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. एक आठवडा, लिनेसी स्वतःला म्हणाली, एकच आठवडा राहिलाय. एनिफाच्या हातातली फुलं उन्हाने माना टाकत होती.

ती उठली. "थांबा! वायसनची बहीण बसलीय तिथे."

"मावशी, माझ्या बापाला बहीण नव्हती," लॅकसन म्हणाला.

"होती रे बाळा. तुझी आजी नदी ओलांडून आली तेव्हा तुझा बाप तिच्या पाठीवर होता, आणि ही पलीकडे पणजीजवळ राहिली. सुट्टीत येऊन ज्या तुरी चापायचास ना, त्या हिच्याच. तुझा बाप दर वर्षी हिला एक झगा शिवून द्यायचा आणि दर वर्षी बाह्या आखूड करायचा. हिने बिचारीने एकदाही तोंडावर सांगितलं नाही. बघा, आजही!"

सगळ्यांनी पाहिलं. बाह्या मनगटाच्या वीतभर वर संपल्या होत्या. कोणीतरी फिसकन हसलं, मग हसू पसरत गेलं, आणि लॅकसनही डोळे पुसत हसायला लागला. "माझ्या शाळेच्या शर्टांचंही तेच!" तो म्हणाला. मग त्याने गळा साफ केला आणि मोठ्याने पुकारलं, "एका आईची बहीण. आत्याबाई एनिफा."

म्हातारी उठली. कबरीपर्यंत जायला तिला बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

सोमवारी नाचुमाबाई बाजारात आल्या. लिनेसीने मान वर केली नाही.

"ब्लाउज गेला ना माझा?"

"गप्प बस." त्यांनी स्टूल ओढलं. "पाळकसाहेब म्हणाले, यापुढे कोणीही जावो, चरित्राचा कागद आधी तुझ्याकडे येईल. मी शाप म्हणाले होते. चुकले." त्यांनी मंदासीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "मी मेले की काय वाचतील? अध्यक्षा होत्या. बस्स. लग्नाआधी मला मुलगी झाली होती, लिनेसी. चार दिवस जगली."

लिनेसीच्या ओठांवर वीस प्रश्न आले. तिने चुलीत लाकूड सारलं आणि वाट पाहिली.

"मरेलिया," नाचुमाबाई म्हणाल्या. "मुलांत पहिलं तिचं नाव वाचायला लाव. आणि मी जिवंत आहे तोवर..."

"तोवर मला ठाऊकच नाही."

"रविवारी लवकर ये. ब्लाउज घट्ट होणार तुला. तळतेस तेवढं सगळं खात जाऊ नकोस."