आधी निघायची वाट दाखवा

सलीमभाई अत्तार कुठलंही नवं सॉफ्टवेअर बघायला बसले, की विकायला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न एकच विचारत, "उद्या आमी तुमाला सोडून जायचं म्हटलं, तर कसं जायचं ते आधी दाखवा." समोरचा गडबडायचा. त्याला आत कसं यायचं तेवढंच शिकवून पाठवलेलं असे. भाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "आत जायचं दार तर तुरुंगालाबी असतंय."

भाई बारामतीत छोटी सॉफ्टवेअरची कंपनी चालवत. कृषी सेवा केंद्रं, ट्रॅक्टरची शोरूम, पतसंस्था अशी त्यांची गिऱ्हाइकं. माणूस गोड अजिबात नव्हता. बोलणं संपलं असं त्यांना वाटलं, की समोरचा बोलत असतानाच फोन ठेवून देत. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्यावर डाग पडला तर दिवसभर वैताग. त्यांनी बनवलेले स्क्रीन दिसायला इतके ओबडधोबड, की मी एकदा म्हणाले, "भाई, जरा रंगबिंग द्या की." तर म्हणाले, "ताई, तुमाला डाळिंबं विकायची हायत का स्क्रीन?"

डाळिंबंच विकायची होती. मी इंदापूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची व्यवस्थापक आहे. आमचं पॅकहाऊस निमगाव केतकीला. माल परदेशी जायचा तर प्रत्येक बागेत कधी, कुठलं औषध फवारलं याची नोंद निर्यातदाराला दाखवावी लागते. नोंद नसेल तर फळ कितीही लालबुंद असो, कंटेनरमध्ये चढत नाही. या नोंदी वह्यांमधून मोबाइलवर आणायच्या ठरल्या आणि ते काम भाईंना दिलं. ॲप आमचं, पण ते चालणार दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या संगणकांवर, भाड्याच्या जागेत. ती जागा कुणाची घ्यायची, हा प्रश्न होता. यालाच सगळे क्लाऊड प्लॅटफॉर्म म्हणतात.

भाईंनी तीन निवडले. एक जगभर पसरलेली परदेशी कंपनी, एक देशी कंपनीचा साधा भाड्याचा सर्व्हर, आणि एक तयार ठोकळे जोडून ॲप बनवायचा नवा प्लॅटफॉर्म. फरक त्यांनी मला चहा पिता पिता सांगितला. "ह्यो पहिला म्हणजे मोठ्ठी एमआयडीसी. सगळं मिळतंय, पण कुठल्या गेटनं जायचं ते कळायलाच माणूस ठेवावा लागतोय. दुसरा म्हणजे नुसता पत्र्याचा शेड. वायरिंग तुमी करा, झाडलोट तुमी करा, पण शेडमधला खिळा न् खिळा तुमचा. तिसरा म्हणजे सजवलेला फ्लॅट. उद्या राहायला जा. पण सोडताना फक्त कपडे घेऊन निघायचं."

हे ते नुसतं बोलत नव्हते. औषधाची नोंद घ्यायचं एवढंसं ॲप त्यांनी तिन्हीकडे बनवलं. कन्हेरी गावच्या डाळिंबाच्या बागांमध्ये, जिथं मोबाइलची रेंज बांधावर एक आणि ओळीत शिरलं की दुसरी, तिथं बायकांच्या हातात फोन देऊन ते वापरून पाहिलं. आणि मग, जे कुणीच करत नाही ते केलं. तिन्हीकडून बाहेर पडून पाहिलं. परदेशी कंपनीतून सगळं निघालं, फक्त वेळ गेला. शेडमधून सहज निघालं. ठोकळ्यांच्या प्लॅटफॉर्ममधून नोंदींचे तक्ते निघाले, पण फोटो आले नाहीत, कुठली फवारणी कुठल्या बागेची ही जोडणी आली नाही आणि ॲप तर आलंच नाही. भाईंनी शेड सुचवला.

संचालक मंडळाच्या बैठकीत त्यांनी हे सांगितलं, पण त्यांच्या पद्धतीनं, म्हणजे समोरच्याला शहाणं न समजता. त्यांच्या पाठोपाठ ठोकळेवाल्यांचा पुण्याचा विक्री प्रतिनिधी आला. भला मोठा पडदा, फिरणारे आलेख आणि पहिल्याच चित्रात आमच्या अध्यक्षांचा, तात्यांचा, फेटा बांधलेला फोटो. तात्या खूश. "हे बघा भाई, असं असावं. तुमचं म्हणजे जुनं झालं."

"तात्या, यातनं निघता येत न्हाय."

"अहो, अजून आत गेलो न्हाय तर निघायचं कशाला काढताय? लगीन लावतानाच काडीमोडाची भाषा!"

सगळे हसले. फ्लॅट ठरला. एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण खातं उघडताना प्रतिनिधीनं स्वतःचाच ईमेल घातला, "काम लवकर होतं" म्हणून. भाई ताडकन उठले. "सातबारा ज्याच्या नावावर, रान त्याचं. खातं कंपनीच्या ईमेलवर करा." मीही तेच लेखी दिलं. तात्या म्हणाले, "घरचाच माणूस हाय तो." त्या माणसाला तात्यांनी तोवर दोनदा पाहिलं होतं.

भाई काम सोडतील असं मला वाटलं होतं. विचारलं तर म्हणाले, "मांडववाल्यानं नवरी पसंत हाय का न्हाय ते बघायचं नसतं. मांडव पडू न्हाय एवढं बघायचं." ॲप त्यांनी चोख बनवलं. तक्त्यांची प्रत ते नियमित काढून ठेवत. फोटो आणि बागांची जोडणी जपायला वेगळा सर्व्हर मागितला, तो मंडळानं नाकारला.

ऐन तोडणीत एका सकाळी ॲप उघडेना. प्लॅटफॉर्मच्या मालकांनी आमच्यासारखी छोटी खाती बंद करायचं ठरवलं होतं. सूचना रीतसर पाठवल्या होत्या, त्या प्रतिनिधीच्या ईमेलवर. त्यानं केव्हाच नोकरी बदलली होती आणि तो ईमेल कुणी उघडतच नव्हतं. भाईंकडे तक्ते होते, पण कुठली फवारणी कुठल्या बागेची हे त्यांत नव्हतं, म्हणून निर्यातदारानं माल घ्यायला नकार दिला. परदेशी जायची फळं इंदापूरच्या बाजारात ढिगानं गेली.

त्यानंतरच्या सभेत सभासद खवळले, आणि ते खवळायलाच हवे होते. तात्यांनी शांतपणे भाईंकडे हात केला. "ॲप अत्तारांनी बनवलं. त्यांनाच विचारा."

भाई मागच्या रांगेत होते. उभे राहिले. "बनवलं मी, व्हय. निवडलं तुमी."

"आता चूक कुणाची हे काढत बसायची वेळ न्हाय," तात्या म्हणाले. एका मिनिटापूर्वी ते नेमकं तेच काढत होते! मी बोलायला उठले, तर माईक पुढच्या विषयाकडे गेला होता. बारामतीत मात्र बातमी बरोबर पोहोचली, की अत्तारांचं ॲप बंद पडलं. त्यांची दोन जुनी गिऱ्हाइकं गेली.

तरी तो माणूस परत आला. शेतकऱ्यांच्या फोनमधले औषधाच्या बाटल्यांचे फोटो, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेले निरोप, असं गोळा करत बाग न् बाग फिरला, आमच्या माणसांवर खेकसत राहिला, आणि सगळं पुन्हा उभं केलं, साध्या भाड्याच्या सर्व्हरवर, कंपनीच्या नावावर. पुढच्या हंगामात कंटेनर गेला. तात्यांनी त्याला हार घातला. कंटेनरला.

त्या उन्हाळ्यात भाई हृदयविकारानं गेले. आपल्या ऑफिसात, बसल्या जागी.

पॅकहाऊसमध्ये शोकसभा झाली. भाईंच्या पत्नी शमीमभाभी पुढे बसल्या होत्या. तात्यांनी ठराव वाचायला घेतला. सुरुवातीलाच 'कै. सलीमभाई' करून त्यांना कैलासवासी करून टाकलं होतं, ते मी सोडून दिलं. मग आलं, "ज्यांच्या दूरदृष्टीने कंपनीने अत्याधुनिक प्लॅटफॉर्म निवडला..."

"तात्या, थांबा," मी म्हणाले. "तो प्लॅटफॉर्म भाईंनी निवडला नव्हता. त्यांनी बैठकीत नको म्हणून सांगितलं होतं. तो निवडला तुम्ही आणि संचालकांनी."

"मॅडम, अहो, माणूस गेलाय. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू न्हाय."

"मी गेलेल्याबद्दल बोलतच नाहीये."

मग शमीमभाभींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "तात्यांना म्हणावं, तेवढं वाक्य काढा. न्हायतर त्यो कागद मी घरी न्यायची न्हाय. तेंनी ते ऐकलं असतं तर सभेतनं उठून गेले असते."

तात्यांनी इकडंतिकडं बघत पेन मागितलं. संचालकांपैकी कुणाच्याच खिशात ते नव्हतं. मी माझं दिलं.