लखन मडावीचा डावा पाय

सिंदी रेल्वे या गावचा लखन मडावी रेल्वेत कीमॅन होता. रोज सकाळी हातोडा-पाना खांद्यावर टाकायचा, रुळांच्या कडेनं पाच-सहा किलोमीटर जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या बघायच्या, एखादी ढिली दिसली की ठोकायची, आणि तसंच परत यायचं. अशी तेवीस वर्षं झाली. सोबतीला सिगारेट, दिवसाला एक पाकीट, कधी दीड. बिडीला तो हात लावत नसे. बिडीनं छाती जाते, असं त्याचं मत होतं.

गेल्या दिवाळीनंतर त्याची डावी पोटरी दुखायला लागली. दोनशे पावलं चाललं की आतून पिळल्यासारखी व्हायची. थांबला की दुखणं जायचं. पुन्हा चालला की तेवढ्याच अंतरावर पुन्हा यायचं. सोबतचा बाबाराव एकदा लांबून म्हणाला, "काऊन थांबून राह्यला बे घडीघडी?"

"सिगारेट पेटवून राह्यलो," लखन म्हणाला. मग खरंच पेटवावी लागायची.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्यानं अंगणात बूट काढला, तर मोजा रक्तानं चिकटलेला. बुटात रुळाखालच्या खडीची एक धारदार कपची होती. अंगठ्याशेजारचं बोट पार सोलून निघालं होतं.

बायको जयवंता कोमट पाणी घेऊन आली. "दिवसभर टोचलं नाई तुमाले?"

"नाई."

"जरासं बी नाई?"

त्यानं बोट दाबून पाहिलं. थंडगार होतं. दुसऱ्या कोणाचा पाय हातात धरल्यासारखं वाटलं त्याला.

तीन आठवडे हळद झाली, मलम झालं. बोट काळं पडत गेलं आणि त्याच्या शेजारचंही. शेवटी जयवंतानं त्याला गाडीत बसवून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधून दाब मोजला, मग घोट्याला बांधून. पायातला दाब हाताच्या निम्माही नव्हता. साखर तपासली, ती ठीक निघाली. "सिगारेट किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"पंचवीसेक."

बाईंनी कागदावर एक नळी काढली. "ही पायाची रक्तवाहिनी. आतून हिला एक नाजूक अस्तर असतं. चालताना पायाला रक्त जास्त लागतं, तेव्हा हे अस्तर नळीला सैल व्हायला सांगतं. सिगारेटच्या प्रत्येक झुरक्यात असे असंख्य कण असतात, जे शरीरात गेले की समोर येईल ते जाळत सुटतात. ते आवरायची ताकद शरीरात असते, पण रोज वीस सिगारेटी आल्या तर ती पुरत नाही. मग अस्तर सुजतं, सैल व्हायचं विसरतं, आणि रक्तातली चरबीही त्या कणांनी खराब होऊन तिथंच साचत जाते." त्यांनी नळीच्या आत पेन्सिलनं रंगवत नेलं. मध्ये एक बारीक रेघ उरली.

लखन त्या रेघेकडे बघत होता. आपल्याला भीती वाटायला हवी, हे त्याला कळत होतं.

"म्हंजे हे दुखनं थंडीनं नाई होय?" एवढंच त्यानं विचारलं.

वरची नळी फुगा घालून उघडली. खालच्या बारीक नळ्या उघडल्या नाहीत. दोन बोटं काढावी लागतील असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा हजेरीपटावर करावी तशी त्यानं कागदावर सही केली.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी तो लंगडत दवाखान्याबाहेरच्या टपरीवर गेला आणि एक सिगारेट घेतली. शोधत आलेली जयवंता ओरडली नाही. बाकावर त्याच्याशेजारी बसली.

"ओढा," ती म्हणाली. "पुढच्या वेळी पाय कापतीन. त्या कागदावर सही मी नाई करनार, सांगून ठेवते."

सिगारेट बोटांत जळत राहिली. ती शेवटची नव्हती; जूनमध्ये त्यानं दोनदा ओढली. त्यानंतर मात्र नाही.

त्याला गोदामात बसायचं काम मिळालं. रूळ आता दुसरा माणूस बघतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. म्हणजे लहान वाहिन्या थोड्या वाढतात, वाट काढतात. दोघं रोज संध्याकाळी सेलूच्या रस्त्यानं निघतात. आता तो न थांबता सहाशे पावलं जातो.

परवा रस्त्यातल्या एका मोरीच्या कठड्यावर तो टेकला होता. जयवंतानं विचारलं, "एवढं चालता आता. बरं नाई वाटत?"

त्यानं पोटरी दाबून पाहिली. "बरं असन," तो म्हणाला. "मले समजत नाई."

पोटरीचं दुखणं उतरलं तसा तो उठला. जयवंता त्याच्या उजव्या बाजूला झाली. डाव्या बाजूला त्याला मोकळी जागा लागते, पाय जरा बाहेर पडतो.