खाजणातून ओ आली

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी पदर खोचून कामाला लागणारी बाई. कसलं भूत आणि कसलं काय! पण रेवसला जे घडलं त्याचं काय करू, ते तुम्हीच सांगा.

सन तिसाच्या सुमारास आमचे हे रेवसच्या शाळेत मास्तर होते. आणि वेड कसलं, तर पाहिलेल्या पाखरांची यादी करायचं! सुट्टीला मिठागराच्या बांधावर जायचं. हे दुर्बिणीवरून डोळा काढणार नाहीत, नुसते ओरडणार — "लिही, खंड्या! लिही, शेकाट्या!" — आणि मी उन्हात उभी राहून लिहायचं. हौस यांची, पाय माझे दुखायचे.

त्या दुपारी यादीत नसलेला रोहित पक्षी दिसला म्हणून हे एकटेच खाडीकाठच्या खाजणात, चिखलात उतरले. भरती लागली तरी पत्ता नाही. मी बांधावरून "अहो… अहो!" करत धावत सुटले. आणि तिवरांच्या झाडीपलीकडून, खाडीच्या बाजूने ओ आली — "लिही, तुतारी!"

असा संताप आला! इथे माझा जीव चाललाय आणि यांना पाखरं सुचतायत! तशीच पाण्यात शिरले. आवाज पुढे पुढे सरकत होता. पाणी कमरेला आलं तेव्हा मिठागरावरच्या गोमीबायने मागून येऊन माझा दंड धरला.

"नाव घेऊन हाक मार, बाय! 'अहो'ला कोनपन ओ देल."

नवऱ्याचं नाव? मी तर उखाण्यातसुद्धा लाजायचे. पण गेली लाज खड्ड्यात… "विनायक!" म्हणून किंचाळले.

मागून, बांधाच्या अंगाने, कण्हणं ऐकू आलं. हे ओहोळाच्या चिखलात रुतलेले, पाणी हनुवटीला टेकलेलं. गोमीबायने हाळी देऊन माणसं जमवली. फळ्या टाकून यांना ओढून काढलं.

यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, दातखीळ बसलेली. आणि खाडीकडून आवाज येतच होता. आता पाखरांची नावं नव्हती. "अगं, ये ना… बुडतोय मी…" मी उठायला लागले तर गोमीबायने मला आवळून धरलं. सगळ्यांनी ऐकलं, पण कोणी मान वर करेना. पाणी चढलं, मग आवाज थांबला.

हे वाचले. आजही धडधाकट आहेत. आपण ओरडलोच नाही, म्हणतात. भास झाला म्हणाल, तर म्हणा… पण इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचा आवाज मला कळत नाही होय? मग त्या दिवशी भरतीत मी कोणाला बुडू दिलं?