पूनम न्हाई म्हणली

बुधवारी दुपारी मी तिसरीच्या वर्गाला नवाचा पाढा म्हणायला लावला होता. अंगणवाडीच्या मदतनीस मथुराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि चौकटीला धरून म्हणाल्या, "बाई, कुसुमताई गेल्या. सकाळीच, नांदेडला." मी "बरं" म्हटलं. मुलं म्हणत होती तो पाढा नव्वदपर्यंत पुरा होऊ दिला, खडू जागेवर ठेवला आणि मग खुर्चीत बसले. रडू आलं नाही. दोन वर्षं कुसुमताई आठवड्यातून दोनदा एसटीनं नांदेडला रक्त शुद्ध करून घ्यायला जात होत्या आणि परत आल्या की दोन दिवस उठत नव्हत्या. त्या थकल्या होत्या, त्यांची मुलं थकली होती, आणि विचारपूस करून करून आम्हीही थकलो होतो, हे आता पाच आठवड्यांनी लिहायला हरकत नाही.

आखाडा बाळापूरपासून आत असलेल्या आमच्या गावात कुसुमताईंनी बावीस वर्षं अंगणवाडी चालवली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीत मोडायचो. शाळेच्या शेजारच्या एका पत्र्याच्या खोलीत त्यांची तीस-पस्तीस लेकरं बसत. त्या बुटक्या, सावळ्या, आवाज कायम बसलेला, पदर कमरेला खोचलेला. सातवी झालेल्या, बौद्धवाड्यातल्या पहिल्या नोकरदार बाई. सुरुवातीला गावातली काही घरं सुकडी घरी घेऊन जात, पण लेकरांना त्यांच्या हातचं तिथं बसून खाऊ देत नसत. कुसुमताई ज्याचा डबा येई त्याच्या डब्यात घालत, जे लेकरू बसे त्याला वाढत. माझ्या सासूबाईही डबा पाठवणाऱ्यांतल्या होत्या, हे सांगायला आज लाज वाटते.

माझी मुलगी पूनम अडीच वर्षांची झाली तेव्हा मी तिला त्यांच्याकडे बसवायला लागले. मला शाळा, आमचे मालक वसमतकडच्या साखर कारखान्यात, आणि सासूबाईंना ती आवरत नव्हती. पूनम बोलत नव्हती. एक शब्दही नाही. हवं ते बोटानं दाखवायची, न मिळालं तर किंचाळायची, जमिनीवर डोकं आपटायची, ताट भिरकावायची. चावायची. तिच्या दातांचे वण माझ्या दोन्ही दंडांवर असायचे, म्हणून उन्हाळ्यातही मी लांब बाह्यांचे ब्लाउज घालून शाळेत जायचे. सासूबाईंनी वेखंड उगाळून जिभेला लावून पाहिलं, मध चाटवून पाहिला, नरसीला जाऊन नवस बोलून आल्या. "आई दिवसभर दुसऱ्याची लेकरं बोलती करती, घरचं मुकं ऱ्हायलं," असं त्या शेजारणीला सांगत. मी ऐकलं न ऐकलंसं करायची. दुसऱ्यांच्या साठ मुलांना बाराखडी शिकवून घरी यायचं आणि आपल्या लेकीच्या तोंडून "आई" एवढं सुद्धा नाही… त्या दिवसांत मी अंगणात चपला काढायच्या आधी दोन मिनिटं नुसती उभी राहायचे. आत जायचं बळ यायचं नाही.

बहिरेपणाची शंका आम्हाला कधी आली नाही. ट्रॅक्टर आला की ती वळायची, कुणी दार आपटलं की दचकायची. ऐकू येतं, मग बोलत का नाही? हट्टी आहे, वांड आहे, असंच सगळ्यांनी ठरवलेलं. एकदा मी कुसुमताईंना विचारलं. त्या सुकडी चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोलंन बाई. माजा थोरला चार वर्साचा होऊस्तोवर बोलला न्हाई. आता त्याला गप बस म्हणावं लागतं." त्या अनुभवी होत्या आणि खात्रीनं बोलल्या होत्या. मला तेच ऐकायचं होतं. पुढं जेव्हा जेव्हा मन खचलं, मी त्यांना पुन्हा विचारलं, आणि त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. असं एक वर्ष गेलं.

मग पूनमनं एका मुलाचा गाल चावला. चांगलं रक्त आलं. त्या मुलाचे आईबाप, चुलते सगळे अंगणवाडीपुढे जमले आणि असलं लेकरू इथं ठेवू नका म्हणून बसले. मला वर्गातून बोलावलं. मी सगळ्यांसमोर पूनमच्या तोंडात मारली. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा कुसुमताईंनी तो मनगटाशी धरला आणि लोकांना म्हणाल्या, "उद्यापासून ती माज्या मांडीजवळ बसंन. पुन्हा कुणाला चावली तर मी जिम्मेदार." लोक कुरकुरत गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खरंच तिला स्वतःजवळ घेतलं, आणि म्हणूनच पुढचं त्यांच्या लक्षात आलं.

पूनम त्यांच्याकडे पाठ करून चिंचोके मांडत बसली होती. कुसुमताईंच्या हातून पत्र्याच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं. सगळी लेकरं दचकली, एक रडायला लागलं. पूनमनं पुढचा चिंचोका मांडला. त्यांनी मला लगेच सांगितलं नाही. तीन दिवस त्या तिच्या पाठीमागं कधी झाकण पाडत राहिल्या, कधी वाटी वाजवत राहिल्या, कधी नाव घेत राहिल्या. चौथ्या दिवशी भर तासाला माझ्या वर्गात आल्या, मला बाहेर बोलावलं आणि म्हणाल्या, "बाई, पूनम वांड न्हाई. तिला आईकू येईना. लई मोठा आवाज, न्हाईतर जमीन हादरली तरच कळतंय तिला." मग म्हणाल्या, "मी तुमाला वर्सभर चुकीचं सांगितलं."

घरी कुणी मानायला तयार नव्हतं. "आमच्यात कुणी बहिरं न्हाई," एवढं बोलून मालक कारखान्यावर निघून गेले. मी कुसुमताईंशी आठ दिवस बोलले नाही. शेवटी रजा टाकून एकटीच पूनमला घेऊन फाट्यावर आले, तर कुसुमताई तिथं आधीच उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत भाकरी. मी बोलावलं नव्हतं. एसटी आली, त्या चढल्या, खिडकीजवळची जागा धरली आणि पूनमला मांडीवर घेतलं.

नांदेडला कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, पूनमला एका बंद खोलीत बसवून आवाज लावून पाहिले. दोन्ही कानांना फार कमी ऐकू येतं, मशीन लावावं लागेल, बोलणं शिकवावं लागेल, असं सांगितलं. मग वय विचारलं. साडेतीन, मी म्हटलं. ते कागदावर लिहीत होते, लिहिता लिहिताच म्हणाले, "वर्षभर आधी आणलं असतं तर फरक पडला असता." त्यांनी ते सहज म्हटलं. आम्ही दोघी उठलो.

परतीच्या गाडीत पूनम झोपली होती. वारंगा फाट्यावर गाडी थांबली, लोक चहाला उतरले. कुसुमताई समोरच्या सीटकडे बघत म्हणाल्या, "एक वर्स माज्यापायी गेलं लेकराचं." आणि मी म्हणाले, "हो. गेलं."

एवढंच. त्यांनी मान हलवली. मला त्याच वेळी सांगता आलं असतं की आई मी आहे, शिकलेली मी आहे, डॉक्टरकडे न्यायचं मला सुचायला हवं होतं. तुमचं म्हणणं मी धरून बसले कारण ते सोपं होतं. सांगितलं नाही. थकले होते, हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. कुणाच्या तरी माथी मारल्यावर जरा हलकं वाटतं… त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं.

मशीन आलं. काड्यापेटीएवढी डबी छातीशी बांधायची आणि तिथून दोन वायरी कानांपर्यंत. पूनम ते उपसून फेकायची. एकदा रांजणात टाकलं. कुसुमताईंनी ब्लाउजांच्या उरलेल्या तुकड्यांतून तिच्या प्रत्येक फ्रॉकवर, बरोबर छातीवर, बटणाचा खिसा शिवून दिला. नांदेडला महिन्यातून एकदा एक बाई बोलण्याचे धडे द्यायच्या. मला दर वेळी रजा मिळायची नाही, म्हणून बहुतेक वेळा कुसुमताईच तिला घेऊन जायच्या आणि शिकून यायच्या. आणि मग रोज, एक वाजता बाकीची लेकरं घरी गेली की त्या पूनमला समोर घेऊन बसायच्या. तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "आ." तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची आणि म्हणायचं, "पा." पट्टी हलली की पूनम हसायची. मधल्या सुट्टीत मी खिडकीतून बघायची. तेच "पा", पन्नास वेळा, साठ वेळा. पूनम वैतागून त्यांना ओरबाडायची. त्या नळाखाली हात धुऊन परत बसायच्या. एकदा सासूबाई तिला न्यायला म्हणून गेल्या आणि तासभर आल्या नाहीत. मी पाहायला गेले तर भिंतीला टेकून बसल्या होत्या, कुसुमताईंनी केलेला चहा बशीत ओतून पीत होत्या.

सहा-सात महिने काही झालं नाही. मालक म्हणाले, राहू दे आता. मलाही तेच वाटायला लागलं होतं. आणि एका दुपारी कुसुमताई माझ्या वर्गात आल्या. पदर सुटलेला, गालावर नखाचा ओरखडा. मुलांसमोरच म्हणाल्या, "बाई, पूनम न्हाई म्हणली."

मला आधी कळलंच नाही. त्या भरभर सांगत होत्या. मशीन घालायला घेतलं तर तिनं त्यांचा हात ढकलला, ओरबाडलं, आणि मग तोंडाकडे बघून स्पष्ट म्हणाली, न्हाई. "मी बी म्हणलं, बराबर हाय. नको तर नको. धा मिनटं ठिवून दिलं." पूनमचा पहिला शब्द आई नव्हता, बाबा नव्हता. पुढं कित्येक दिवस ती प्रत्येक गोष्टीला न्हाईच म्हणत होती, जेवायला न्हाई, आंघोळीला न्हाई, आणि आम्ही घरभर हसत होतो. त्या महिन्यात ती कुणाला चावली नाही.

गोष्ट इथं सुखाची झाली असं म्हणता येत नाही. पूनमचं बोलणं नाकातून येतं, जड येतं. घरच्यांना कळतं, दुकानदार दोनदा विचारतो. शाळेत पोरांनी तिच्या नकला केल्या. एक वर्ष ती शाळेत अजिबात गेली नाही. यंदा ती नववीत आहे आणि बऱ्यापैकी शिकते आहे. ते एक वर्ष मिळालं असतं तर किती फरक पडला असता, हे मला ठाऊक नाही. मी विचार करायचं सोडून दिलं आहे.

कुसुमताईंनी सोडलं नाही. नांदेडहून परतलो त्या दिवसापासून अंगणवाडीत आलेल्या प्रत्येक लेकराच्या पाठीमागं उभ्या राहून त्या वाटी वाजवून बघत. पर्यवेक्षिका म्हणाल्या, रजिस्टरला असा रकाना नाही. कुसुमताईंनी वहीच्या मागच्या पानावर स्वतः रेघ ओढून रकाना पाडला. एवढ्या वर्षांत त्यांना आणखी दोन लेकरं सापडली. एकाला वेळेवर मशीन मिळालं. दुसरी तांड्यावरची मुलगी, तिच्या घरचे ऊसतोडीला गेले ते दोन हंगाम परतलेच नाहीत. त्यांचा पत्ता काढत कुसुमताई दोन कारखान्यांवर जाऊन आल्या. मुलगी सापडली तेव्हा सात वर्षांची होती. त्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "थकले बाई आता." पुन्हा कुठल्याच आईला त्या "बोलंन" म्हणाल्या नाहीत. कुणी विचारलं तर सांगत, "मला म्हाईत न्हाई. दाखवून आणू." आणि सोबत जात.

दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले ती शेवटची भेट. पाय सुजलेले, चेहरा राखेसारखा. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी धीर करून म्हटलं, "ताई, त्या दिवशी गाडीत मी तुम्हाला जे बोलले…" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "कोणत्या गाडीत? नांदेडला इतक्या येळा गेले बाई, आता काई ध्यानात ऱ्हाईना." आणि सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला. त्या खरंच विसरल्या होत्या की मला बोलू द्यायचं नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. मी चहा प्याले आणि उठले.

कुसुमताई कुठल्याच लेकराला मागून हाक मारत नसत. कितीही घाई असो, वळसा घालून पुढं येत, खाली बसत, आपलं तोंड उजेडात येईल असं बघत आणि मग बोलत. आमच्या घराला ती सवय कधी लागली कळलं नाही. मालक कामावरून आले की अंगण ओलांडून पूनमच्या समोर जातात, मग बोलतात. सासूबाईंचे गुडघे गेले आहेत, तरी खाटेवरून उठून, भिंत धरून तिच्यापुढे येतात.

त्या बुधवारी शाळा सुटल्यावर मी घरी आले. पूनम मागच्या अंगणात भांडी घासत होती, तिची पाठ माझ्याकडे. मी वळसा घालून पुढं गेले आणि तिच्यासमोर उकिडवी बसले. तिनं हात थांबवले, माझ्या ओठांकडे पाहिलं. पूनमला काही सांगायचं तर तोंड फिरवून सांगता येत नाही. मी तिच्याकडे बघत सांगितलं. ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, अजून काही येईल म्हणून. मग तिच्या त्या जड आवाजात विचारलं, "जेवल्या होत्या का?"

मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं.