नानांचा कान आणि लाइनीतला ठोका

स्टीमच्या लाइनीत पाणी साठतं तसे आमच्या धंद्यात किस्से साठतात. एकट्या नानांचेच इतके आहेत की सांगायला बसलो की चहा थंड होतो! पण हल्ली सांगताना हसू कमी येतं.

नाना म्हणजे आमचे उस्ताद, धुळ्याचे, बोलणार अहिराणीच. मी आणि भास्कर त्यांच्याच हाताखाली शिकलो. काम एकच, वाफेची लाइन ठोकायला लागली की जायचं. वाफ थंड झाली की तिचं पाणी होतं, ते पाइपच्या झोळात बसतं आणि मागून वाफेचा जोर आला की पुढच्या वाकावर आपटतं. धाड! नाना लोखंडी सळईचं एक टोक पाइपला आणि दुसरं कानाला लावायचे आणि पाणी कुठं बसलंय ते नेमकं सांगायचे.

*

पाचोऱ्याच्या एका होस्टेलात भात वाफेवर शिजायचा. लाइन ठोकते म्हणजे दृष्ट लागली, असं ठरवून स्वयंपाकाच्या अक्कांनी पाइपला पाच नारळ बांधले. ठोके दुप्पट!

नाना म्हणाले, "अक्का, नारळना वजनमुये पाइप आखो वाकी गया!"

आम्ही नारळ सोडले, क्लॅम्प लावला आणि खोबरं खात परत आलो.

*

जामनेरच्या एका ऑइल मिलमध्ये नाना सळईला कान लावून उभे होते. त्यांच्याच खिशातला फोन वाजायला लागला. वाजतोय, वाजतोय! सगळे कामगार बघायला लागले, नाना जागचे हलले नाहीत.

भास्कर पटकन मालकाला म्हणाला, "कामाच्या वेळी नाना फोन घेत नाहीत!"

"माणूस असा पाहिजे!" मालक खूश.

मी मात्र त्या दिवशी घाबरलो. चाळीस वर्षं बॉयलरशेजारी काढलेला कान गेला होता. आणि कानाशिवाय नानांकडे दुसरं होतं काय?

*

मग आम्ही एक शक्कल काढली. नाना सळई सरकवत जायचे आणि भास्कर मागे उभा राहून त्यांच्या पाठीवर बोट दाबायचा. हलका ठोका, हलकं बोट. जोराचा ठोका, जोरात बोट. नानांनी कधी विचारलं नाही, आम्ही कधी बोललो नाही.

साक्रीच्या एका कारखान्यात भास्करनं नानांच्या पाठीवरचा डास मारला.

"आठे शे! भलता जोरमां ठोका शे!" नाना ओरडले.

मालक म्हणाला, "नाना, बॉयलर तर मघाशीच बंद केला!"

 परतीच्या एसटीत मला स्वतःची लाज वाटत होती.

*

परवा जळगावला एका डॉक्टरांच्या घरी गेलो. पेशंटसाठी त्यांनी माडीवर स्टीम बाथ केलाय, त्याची लाइन ठोकत होती. भास्कर सवयीनं मागे जायला लागला, तर नानांनी दंडाला धरून त्याला समोर, माझ्या शेजारी उभं केलं.

"आठेच उभा ऱ्हाय."

सळई पिशवीतून काढलीसुद्धा नाही. मला वाफ सोडायला सांगितली. मी व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. धाड! धाड! नाना नुसते आमच्याकडे बघत होते. मग त्यांनी जिन्यावरच्या वाकाकडे बोट केलं.

"पाणी तठे शे."

पाणसळ लावून पाहिली. पाइपचा उतार उलटा! पाइप उचलून बांधला, वाफ सोडली, लाइन गप्प.

डॉक्टर म्हणाले, "नाना, काय कान आहे तुमचा!"

बाहेर चपला घालताना भास्करनं तोंड नानांच्या समोर नेऊन विचारलं, "नाना, ऐकू आलं?"

"नही रे भो. मी तुमना तोंडकडे देखी राहिनथू. ठोका पडना का तुम्ही दोन्ही एकदम त्याच वाककडे देखेत."

मग सळईची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "मंग आते मना काय काम शे?"