नाटकातली ओटी

लखनौला निशातगंजात आमच्या गल्लीच्या टोकाला एका शाळेच्या माडीवर नाटकं व्हायची. पन्नास-साठ खुर्च्या, वर पत्रा, पडद्याच्या जागी दोन चादरी. नव्वदनंतरची गोष्ट. आमचे हे तेव्हा रेल्वेतून रिटायर झाले होते. मराठी मंडळातल्या एका बँकवाल्याने अर्धं हिंदी, अर्धं मराठी असं नाटक बसवलं. आई मराठी, तिची मुलगी लखनौच्या घरात दिलेली. आईचं काम करणारी बाई मात्र इथलीच, शाळेतली मास्तरीण. मराठी वाक्यं जिभेवर बसावीत म्हणून ती महिनाभर माझ्या स्वयंपाकघरात येत होती.

मुलीला सासरी धाडायच्या प्रसंगात दोघींनी गळ्यात पडून रडायचं ठरलं होतं. मी म्हटलं, "हमारे में इतना रोते नहीं. ओटी भरते हैं." तिला मुलीच्या जागी उभी करून भरून दाखवली. मुलीने पदर पसरून धरायचा. आईने कुंकू लावून ओंजळीने तांदूळ घालायचे, वर नारळ ठेवायचा. मुलीने त्यातले चार दाणे आईच्या घरात परत टाकायचे आणि मग निघायचं. तिच्या हातून पदर सुटत होता. "पदर नीट धर, सांडशील!" मी खेकसले. तिने ते वाक्य लगेच वहीत लिहून घेतलं.

"अम्मा, आपने भी अपनी बिटिया की ऐसे ही भरी होगी?"

"हाँ, भरी थी."

बाहेरच्या खोलीत हे पेपर वाचत होते. पेपरची सळसळ थांबली.

मी भरली नव्हती. आमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा लागला होता. मी तिला परत पाठवलं. तेव्हा घर एका खोलीचं, माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. माझ्याच्याने होणार नव्हतं. आजही मी तेच म्हणेन. ती रागाने रिक्षात जाऊन बसली. हे म्हणाले, "अगं, ओटी तरी भर." मी म्हटलं, "पुढच्या वेळी." बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. ओटी न भरल्याने कोणी मरत नाही, एवढं मला कळतं. पण त्यानंतर पंधरा वर्षांत ह्यांनी तिचा विषय काढला नाही. मीही नाही.

त्या दिवशी जेवताना हे बोलतील असं वाटलं. "मीठ कमी आहे," एवढंच म्हणाले.

नाटक जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी होतं. धुकं उठलं नव्हतं, सगळे मफलर गुंडाळून बसलेले. तांदूळ-नारळ माझ्याच घरचे. मराठी वाक्य आलं की मागचे लोक "क्या बोली, क्या बोली?" करत हसायचे. ह्यांनाही एकदा हसू आलं.

मग ओटी आली. मास्तरणीने सगळं मी शिकवलं तसंच केलं. वर माझंच वाक्य, माझ्याच आवाजात: "पदर नीट धर, सांडशील!"

मागून एक म्हातारी म्हणाली, "अरे, ये तो कोंछा भर रही है." कोंछा म्हणजे इकडची ओटीच. मग कोणी हसलं नाही. मुलीने चार दाणे परत टाकले तेव्हा हे उठले आणि लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर गेले. मी बसून राहिले. शेवटी नाटकातली मुलगी बाळ घेऊन माहेरी आली. टाळ्या पडल्या.

हे खाली पायरीवर बसले होते.

"त्या मास्तरणीला सांगितलंस, भरली म्हणून."

"हो. परकी बाई ती. तिला काय सगळं सांगत बसू?"

"मग मला सांग."

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही तिथेच होतात."

"होतो," हे म्हणाले. "रिक्षा मीच बोलावली होती."

तेवढ्यात मास्तरीण धावत आली. "अम्मा, आपका चावल! नारियल भी है." मी "रख लो" म्हणेपर्यंत तिने पुडी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती दोन्ही हातांत धरून घरी आणली आणि तांदळाच्या डब्यावर ठेवली.

तिसऱ्या दिवशी मी त्या तांदळाचा भात लावला. चांगला तांदूळ टाकून कशाला द्यायचा? ह्यांनी ताटाकडे पाहिलं.

"तोच का?"

"तोच."

ह्यांनी भात बाजूला काढून ठेवला, पोळी खाल्ली आणि उठले. तो भात मी एकटीने दोन वेळा खाऊन संपवला.