आधी टायम लिवा

विमल सिस्टर पिक्चर बघायला बसल्या की पडद्याशी भांडायच्या. पिक्चर त्यांना एकाच जातीचे लागायचे, जुने, दवाखान्यातले. पांढऱ्या साडीतली नर्स, गंभीर चेहऱ्याचा डॉक्टर, ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा लाल दिवा. क्वार्टरमधल्या टीव्हीवर असलं काही लागलं की शेजारपाजारच्या बायका पदर डोळ्याला लावून बसत आणि सिस्टर मधेच ओरडत, “अगं बये, त्याच्या डोळ्यात काय बघतीस? पेशंट कुठाय?” खरंच, डॉक्टर आणि नर्स एकमेकांकडे बघायला लागले की खाटेवरचा माणूस पडद्यावरून नाहीसाच व्हायचा. ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

वेल्हे तालुक्यातल्या एका आडबाजूच्या सरकारी दवाखान्यात मी औषधं द्यायला होतो. सिस्टर मूळच्या भोरच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. ठेंगण्या, चालणं भरभर, आवाज असा की बाहेर एसटीची वाट बघणारा माणूसही दचकावा. एवढा राग येतो तर हे पिक्चर बघता कशाला, असं मी एकदा विचारलं. “राग यावा म्हणूनच बगते,” त्या म्हणाल्या. “राग असला की हात चालतो, कदमभाऊ.”

सगळ्यात जास्त राग त्यांना शेवटाचा यायचा. डॉक्टरची चूक नर्स आपल्या अंगावर घेते, एक शब्द न बोलता पेटी उचलून निघून जाते, मागे सनई की व्हायोलिन काहीतरी वाजतं आणि बायका हुंदके देतात. सिस्टर टीव्ही बंद करून टाकायच्या. “हिनं कागुद का न्हाई केला? बारा-बारा तास ड्यूटी करती, आन् एक ओळ लिवता येत न्हाई?”

कागद हे त्यांचं दैवत होतं. दारात पेशंट आला की त्याला खाटेवर घेता घेता त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची, आणि केसपेपरवर पहिली नोंद वेळेची. नातेवाईक रडत असले, नवी पोरगी नर्स गोंधळली असली, तरी एकच वाक्य. “आधी टायम लिवा, मग रडा.” आम्ही त्यांच्या पाठीमागे त्याची नक्कल करायचो. मी चांगली करायचो.

आता जे सांगायचं ते अकरा वर्षं सांगितलेलं नाही.

भातकापणीचे दिवस होते. पालीच्या वरच्या अंगाच्या वाडीवरून हौसाबाई नावाच्या बाईला टेम्पोत घालून आणलं. खाचरात घोणस चावली होती. नवरा बरोबर होता, हातात विळा तसाच. दुपारचे सव्वाचार झाले होते. डॉक्टर दवाखान्यात नव्हते. ते रोज दुपारनंतर नसायचे, स्वतःच्या खाजगी दवाखान्यात बसायचे, आणि हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. सापाचं इंजेक्शन आमच्या फ्रीजमध्ये होतं. फ्रीजला कुलूप होतं आणि चावी माझ्या खिशात.

मी फोन लावला. डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटांत पोचतो, मी आल्याशिवाय काही द्यायचं नाही, काही झालं तर माझ्यावर येईल. सिस्टरांनी फोन माझ्या हातातून घेतला, लक्षणं सांगितली, परवानगी मागितली. पलीकडून फोन बंद झाला. मग त्या माझ्यापुढे हात पसरून उभ्या राहिल्या.

“चावी द्या, भाऊ. जबाबदारी माजी. लिवून देते.”

मी म्हणालो, साहेब येताहेत.

त्यांनी तीनदा मागितली. मी तीनदा तेच म्हणालो. वीस मिनिटांचा एक तास आणि वर दहा मिनिटं झाली. डॉक्टर आले तेव्हा हौसाबाईंच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. मग इंजेक्शन, मग गाडी, मग पुण्याचा रस्ता. नसरापूरच्या अलीकडे त्या गेल्या.

चौकशी लागली. डॉक्टरांनी नवा केसपेपर तयार केला. पेशंट पाच वीसला आली, डॉक्टर हजर होते, सांगूनही सिस्टरांनी इंजेक्शन सुरू करायला उशीर केला. त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही. सिस्टरांच्या हातचा पहिला केसपेपर त्यांनी मला दिला आणि जाळून टाका म्हणाले.

बळी कुणाचा द्यायचा हे कुणी मोठ्यानं ठरवलं नाही, तरी सगळ्यांना ते आधीच माहीत होतं. बौद्धवाड्यातली, एकटी, तोंडाची फटकळ बाई. तिच्या बाजूनं कोण उभं राहणार? गावातली शहाणी माणसं तिच्याकडे गेली. डॉक्टर गेले तर दुसरा इथं येणार नाही, सिस्टर, गावासाठी एवढं सोसा, तुमचं मन मोठं आहे. मीही त्या माणसांत होतो, दाराशी, चपला न काढता. सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पिक्चर लई बगितलेत तुमी सगळ्यांनी.” चहा विचारला नाही.

चौकशीत त्यांनी मान खाली घातली नाही. माझा कागद कुठंय, असं प्रत्येक साहेबाला विचारलं. कागद नव्हता. हौसाबाईंच्या नवऱ्याला विचारलं, दवाखान्यात पोचलात तेव्हा किती वाजले होते. तो म्हणाला, “उनं कलली हुती.” साहेब हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं, आणि अजून माझ्या हाताची मूठ वळते. बायको गेलेला माणूस घड्याळ बघत नव्हता म्हणून त्याचं खरं मोजायचं नाही? अर्धा दिवस डॉक्टरांच्या कारकिर्दीबद्दल बोलणं झालं, उरलेला अर्धा सिस्टरांच्या उद्धटपणाबद्दल. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, “साहेब, सकाळधरनं आपण बसलोय. मेलेल्या बाईचं नाव एकदा तरी कुणी घेतलं का?” तेही उद्धटपणात लिहिलं गेलं.

त्या निलंबित झाल्या, पुढे लांब घाटापलीकडे बदली, तिथूनच निवृत्त. डॉक्टरांना पुढे बढती मिळाली. त्यांच्या निरोप समारंभात शाल मी आणून दिली.

तो केसपेपर मी जाळला नाही. त्यात शौर्य काही नाही. बोलायची जशी हिंमत नव्हती तशी जाळायचीही नव्हती, एवढंच. औषधाच्या रिकाम्या खोक्यात तळाशी तो पडून राहिला.

गेल्या महिन्यात सिस्टर कामथडीला बहिणीकडे राहतात असं कळलं आणि मी गेलो. ओसरीवर पावटा सोलत बसल्या होत्या. केस सगळे पांढरे, आवाज तोच. मी कागद पुढे ठेवला आणि पायाशी वाकलो.

“उठा,” त्या म्हणाल्या. “हे पिक्चरमदलं माज्याकडं नको.”

त्यांनी चष्मा लावून स्वतःचं अक्षर वाचलं. चार पंधरा, रुग्ण आली. चार वीस, इंजेक्शन मागितलं, मिळालं नाही. चार तीस, पुन्हा मागितलं. चार पंचेचाळीस, पुन्हा मागितलं. बोट एकेका ओळीवरून हळू फिरत होतं. मला वाटलं आता त्या रडतील, किंवा मला शिव्या देतील. दोन्ही चाललं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली.

“हा माजा कागुद झाला. तुमचा कुठाय?”

बहिणीच्या नातीची वही मागवून त्यांनी कोरं पान फाडलं आणि दोन प्रती करा म्हणाल्या. एक वरच्या ऑफिसला. दुसरी पालीला हौसाबाईंच्या घरी, आणि ती टपालानं नाही. “तिच्या नवऱ्याला वाचता येत न्हाई. तुमीच वाचून दाखवायची. उभं राहून.”

मी पेन घेतलं आणि सुरुवात केली, की मी अत्यंत खेदपूर्वक… त्यांनी पानावर हात ठेवला.

ते पान बाजूला गेलं. नव्या पानावर मी लिहिलं, दुपारी चार वाजून पंधरा मिनिटं. खाली हौसाबाईंचं पूर्ण नाव. त्याखाली, डॉक्टर हजर नव्हते. त्याखाली, चावी माझ्या खिशात होती. ही ओळ लिहायला मला फार वेळ लागला. तोवर सिस्टरांचा पावटा सोलून झाला. दुसरी प्रत उतरवून दोन्हींखाली सही केली तेव्हा त्यांनी दोन्ही प्रती ताडून बघितल्या आणि माझ्याकडे दिल्या.

“आता रडा,” त्या म्हणाल्या, “रडायचं आसंल तर. पर पालीची एसटी साडेतीनला हाय.”

मी घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.